आतून की बाहेरून

दुकानात कुणी चित्र घेऊन आलं की आत्या आधी चित्राकडे बघत नसे. ती गिऱ्हाइकाकडे बघे आणि विचारी, "माप आतून सांगताय की बाहेरून?"

लोक गडबडत. घरून निघताना बायकोनं सांगितलेलं माप वाटभर घोकत आलेले असत. मापाला आत-बाहेर असतं हे त्यांच्या गावीही नसे. मग आत्या समजावून सांगे. चित्र आतून मोजायचं. चौकट बाहेरून. आणि चौकटीच्या लाकडी पट्टीचे पैसे बाहेरच्या मापानं पडतात, कारण कोपऱ्यावर तिरका काप घेतला की प्रत्येक तुकड्याचं टोक वाया जातं.

"म्हणजे जे दिसणार नाही त्याचेही पैसे?" असं एकदा एका गृहस्थांनी चिडून विचारलं.

"त्याचेच जास्त," आत्या म्हणाली आणि करवत उचलली.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. डोक्यावरून माणसं चढत-उतरत आणि त्यांच्या पावलांनी भिंतीला उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्या किंचित थरथरत. काचा मागच्या बाजूला, खणांत उभ्या. मध्ये एक लांब टेबल, एका जुन्या गोदामाच्या दाराच्या जाड फळीचं. त्याच्या कडेला कापांच्या इतक्या खुणा होत्या की हात फिरवला तर कुणाचा तरी फार जुना चेहरा चाचपल्यासारखं वाटे. या टेबलावर आत्यानं अर्ध्या गावाचे आजोबा, पदव्या, लग्नं आणि मुलांनी काढलेले वाकडे सूर्य चौकटीत घातले होते.

घरात तिला सगळे गुण्या म्हणत. काटकोन तपासायला सुतार-गवंडी जो लोखंडी गुण्या वापरतात, तसा एक वीतभर लांबीचा तिच्या पर्समध्ये कायम असे. कंगवा विसरेल, गुण्या नाही. हॉटेलात गेली की टेबलाचा कोपरा तपासी, दवाखान्यात गेली की खिडकीचा. डॉक्टरांना तिनं एकदा सांगितलं होतं, "माझं रक्त बघाल तेव्हा बघा, तुमची खिडकी गुण्यात नाही." तिचं लग्न ठरलं तेव्हा एका काकांनी विनोद केला की ही गुण्या, म्हणजे नवरा गोविंद, दोघं गुण्यागोविंदानं नांदतील. आतोबांचं खरं नाव त्या दिवशी गेलं ते गेलंच. वीजबिलांच्या कचेरीत हयात काढलेला हा सरळ माणूस टेलिफोनवरसुद्धा "गोविंद बोलतोय" म्हणे आणि मग चपापून खरं नाव सांगे, तर पलीकडचा विचारी, "मग गोविंदरावांना द्या ना."

दोघं दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत. मूलबाळ नव्हतं. मी भाचा, त्यामुळे गाडी आणि गाडीचा चालक या दोन्ही गोष्टी त्यांच्या हक्काच्या होत्या.

इमारत पाडायची ठरली तेव्हा मालकानं वर्षभर आधी सांगितलं, घरी बोलावून, चहा पाजून. भला माणूस. त्याच्याशी भांडताही येईना. आतोबा जिना उतरताना म्हणाले, "चला, आता स्वतःचं घर घेऊ." हे त्यांनी अशा सुरात म्हटलं जसं काही आजवर घर घेण्याचं त्यांच्या ध्यानातून निसटलं होतं.

आत्याची अट एकच. "हे टेबल जिथे मावेल ते घर. आणि त्या खोलीला उत्तरेचा उजेड. बाकी तुम्ही बघा."

बाकी म्हणजे, आतोबांच्या मते, घरपट्टी.

"घराची किंमत एकदा मोजायची आणि सुटायचं," ते मला सांगत होते, समोर बसवून, जणू मीच घर विकणारा होतो. "पण घरपट्टी दरवर्षी. आपण म्हातारे होणार, ती होणार नाही. आपलं पेन्शन तिथल्या तिथे, ती मात्र वाढती. लोक टाइल्स बघतात, नळ सोडून बघतात, गॅलरीत उभे राहून हात पसरतात. एक माणूस विचारत नाही की बाबा, या गावाचा दर काय?"

आमचं गाव म्हणजे खरं तर एकमेकांना चिकटलेली तीन शहरं. मधून नदी, एका बाजूला टेकडी. जुनं शहर नदीच्या अलीकडे, दुसरं नदीपलीकडे, तिसरं टेकडीवर वाढलेलं, नवं, अजून रंगाचा वास असलेलं. तिघांच्या नगरपालिका वेगळ्या, दिव्यांच्या खांबांचे रंग वेगळे, आणि घरपट्टी वेगळी. आतोबांनी तिन्ही ठिकाणचे दर मिळवले आणि त्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. टेकडीचा दर सगळ्यांत कमी. नदीपलीकडचा सगळ्यांत जास्त, टेकडीच्या दुपटीहून वर. जुनं शहर मध्ये. टेकडीभोवती त्यांनी हिरव्या पेनानं गोल केला.

"झालं," ते म्हणाले. "घर शोधायचं काम संपलं. आता फक्त घर शोधायचं."

मग ते एक दिवस आणखी खात्री करून घ्यायला तिन्ही नगरपालिकांच्या खिडक्यांवर जाऊन आले आणि आल्यावर दुकानातल्या स्टुलावर धप्पकन बसले. आत्या एका लांबोळक्या आरशाला पट्टी चढवत होती. मी जेवायला म्हणून आलो होतो.

"काय झालं?" आत्यानं मान वर न करता विचारलं.

"टक्के," आतोबा म्हणाले.

"टक्क्यांचं काय?"

"नदीपलीकडच्या खिडकीतल्या बाईनं मला विचारलं, टक्के ठीक आहे, पण कशाचे टक्के?" त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, ते लोक घर भाड्यानं दिलं तर किती येईल याचा अंदाज धरतात, त्याच्यावर टक्के लावतात. तो अंदाजही कधीतरी पूर्वी ठरवलेला, आज ऐकला तर हसू येईल इतका. आणि टेकडीवाले घराची बाजारातली किंमत धरतात. आख्खी! त्याच्यावर टक्के. जुन्या शहरात तर टक्केच नाहीत, जागेच्या मापावर सरळ आकार, आणि त्याला शेपट्या: रस्त्याची वेगळी, दिव्यांची वेगळी, गटाराची वेगळी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझा तक्ता म्हणजे एकाची उंची, दुसऱ्याचं वजन आणि तिसऱ्याचं वय एका रांगेत लिहून कोण मोठा विचारल्यासारखं झालं."

आत्याला हसू आवरेना. हातातली पट्टी तिनं खाली ठेवली, कारण हसताना सरस लावलेला कोपरा हलतो.

"इतकी वर्षं संध्याकाळी या स्टुलावर बसताय," ती म्हणाली. "मी रोज काय विचारते हो लोकांना?"

"ते चौकटीचं."

"पट्टीच ना शेवटी? घराची काय न् चित्राची काय. दर विचारायच्या आधी कुठून मोजणार ते विचारायचं."

आतोबांचा हा गुण होता की चूक पटली की ते तिच्यावर रुसत नसत. त्यांनी दुसऱ्या दिवशी नवा तक्ता केला. आता टक्के नव्हते. एकच घर डोळ्यांसमोर धरलं, आताच्यासारख्या दोन खोल्या अधिक एक, आणि तिन्ही खिडक्यांवर तेच घर घेऊन गेले: याचं वर्षाला किती होईल, सगळ्या शेपट्यांसकट? आत्यानंही त्यांना एक प्रश्न बांधून दिला होता, भिंतीच्या आतून मोजता की बाहेरून? जुन्या शहरात भिंतींची जाडी, गॅलरी आणि जिन्यातला वाटासुद्धा मोजत होते. बाकी दोन्हीकडे आतली जमीन, जिथे चटई पसरता येईल तेवढीच.

जुन्या शहराचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला, ते गळलं. उरलेल्या दोनांत टेकडी अजूनही स्वस्त होती. पहिल्या तक्त्यात वाटली तितकी नाही, पण स्वस्त. हिरवा गोल पुन्हा उमटला, या वेळी जरा लहान.

आत्याविषयी एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ती हे काम शिकली लग्नाआधी, एका वृद्ध चौकटवाल्याकडे. त्याला दिसेनासं झालं होतं. तो बोटांनी कोपरा चाचपून सांगे, "उघडा आहे," आणि कोपरा खरोखरच केसभर उघडा असे. त्याच्या पश्चात हत्यारं तिच्याकडे आली. लग्नानंतर तिनं जिन्याखालची जागा घेतली. सासूबाई प्रेमळ होत्या, पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगत, "आमच्या सूनबाईंना हौस आहे हो चौकटींची." एका वर्षी वीजकचेरीतला संप लांबला, आतोबांचा पगार थांबला, आणि घर पूर्ण वेळ पट्ट्यांवर चाललं. भाडं, औषधं, सासूबाईंचा नवा चष्मा. त्या चष्म्यातून सुनेकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "बाई गं, तुझ्या हौसेचा किती उपयोग झाला!"

त्यानंतर 'हौस' हा शब्द तिच्यासमोर निघाला की ती हातातलं काम थांबवी, आणि शब्द जाईपर्यंत वाट बघे, जसं आपण रस्त्यावरून मोठा ट्रक जाईपर्यंत बोलणं थांबवतो.

टेकडीवरचं घर दाखवायला एजंट आला तो चकचकीत बुटांत. बोलणं गोड, किल्ल्यांचा जुडगा बोटावर गरगर फिरवणारा. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खोल्या रिकाम्या, आपलाच आवाज आपल्याकडे परत पाठवणाऱ्या. तिसरी खोली उत्तरेची. आत्या दारात थांबली. खिडकीतून येणारा उजेड कुठेही न सांडता जमिनीवर पसरला होता, सावली न पाडता, थंड, सगळ्यांशी सारखा. तिनं पर्समधून गुण्या काढला आणि कोपऱ्यात धरला.

"मावशी, काय करताय?" एजंटनं विचारलं.

"विचारतेय तिला."

"कुणाला?"

"भिंतीला."

कोपरा गुण्यात होता. दुसराही होता. आत्या खोलीभर फिरली, पावलांनी टेबल मांडलं, काचांचे खण मांडले, पट्ट्या उभ्या केल्या. आम्हांला खोली रिकामीच दिसत होती. पण तिनं वाट काढत, टेबलाला वळसा घालून खिडकीपाशी जावं तशी ती गेली, आणि आतोबाही नकळत त्या नसलेल्या टेबलाला वळसा घालून तिच्यामागे गेले.

"ही माझी कामाची खोली," ती म्हणाली.

"कामाची म्हणजे?" एजंटचा जुडगा थांबला.

आत्यानं सांगितलं. करवत, काच, सरस, येणारी-जाणारी माणसं.

"अरेरे," तो म्हणाला, जसं कुणाला ताप आल्याचं कळावं. "मावशी, मग इथे जरा गोची आहे. टेकडीवर नियम कडक. घरात धंदा केला की त्या खोलीला दुकानाचा दर. दुकानाचा दर म्हणजे घराच्या चौपट. आणि एकदा तपासणीला आले की खोलीवर थांबत नाहीत, कधीकधी पूर्ण घरच धंद्यात धरतात."

आतोबांचा चेहरा उतरला. तक्ता त्यांच्या खिशात होता आणि मला वाटतं त्या क्षणी तो त्यांना टोचला.

"पण घाबरू नका," एजंट हसला. "सगळे करतात ते करायचं. एक साधं निवेदन द्यायचं: सदर खोलीत मी हौस म्हणून कलाकुसर करते. बास. हौसेला कर नाही. चित्रं काढा, विणा, मडकी करा, चौकटी करा. कोण विचारतंय? आणि मावशी, तुमच्या वयाला शोभतंही ते."

आत्या थांबली. ट्रक जायची वाट बघत होती. पण या वेळी तो जात नव्हता, खोलीतच उभा राहिला होता, इंजिन चालू ठेवून.

"चला," ती शेवटी म्हणाली आणि गुण्या पर्समध्ये टाकला.

घरी आल्यावर आतोबांनी चहा टाकला. भांडायचं असलं की ते चहा टाकत.

"अगं, एक शब्द आहे," त्यांनी सुरुवात केली. "दोन अक्षरं. त्या दोन अक्षरांनी दरवर्षी केवढा फरक पडतो ते मी तुला दाखवतो."

"दाखवू नका. माहीत आहे."

"मग?"

"तुम्ही जन्मभर बिलं काढलीत. ती हौस म्हणून का?"

"मला पगार होता."

"मला गिऱ्हाईक होतं."

"अगं पण कोणाला सांगायचंय? त्या कारकुनाला! तो तुला ओळखत नाही, तू त्याला ओळखत नाहीस. कागदावर काहीही असू दे. खोलीत तू जे करायचं ते करशीलच ना? कागदानं काय फरक पडतो?"

आत्यानं कप खाली ठेवला. "मी सगळं आयुष्य कागदांनाच चौकटी केल्या, गोविंदराव. फोटो काय, पदवी काय, शेवटी कागदच. चौकट घातली की लोक तो खरा मानतात. तुम्ही म्हणताय, माझ्याच घराचा कागद मीच खोटा करून द्यायचा. आणि मग त्या खोलीत उभं राहून काटकोन तपासायचे?"

"खोटं कुठे? हौस असतेच की थोडी."

"थोडी असते," आत्यानं कबूल केलं. "पण ती माझी मी मोजते. आतून. बाहेरून मोजणाऱ्यानं काम म्हणायचं."

आतोबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली जिन्याखाली दुकानाची पाटी होती, तिचा फक्त वरचा काठ तिथून दिसे. मी निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि हळूच म्हणाले, "उद्या गाडी मोकळी आहे का? नदीपलीकडे जायचंय. ज्या बाईनं मला कशाचे टक्के विचारलं ना, तिला काहीतरी विचारायचंय."

नदीपलीकडच्या करखात्याची खिडकी म्हणजे खरोखर एक खिडकी होती, लाकडी, निळ्या रंगाची, एका कोपऱ्यात रंग उडालेली. आतल्या निरीक्षक बाई आतोबांना बघून म्हणाल्या, "आलात? या वेळी काय घेऊन आलात, उंची की वजन?" याचा अर्थ आतोबांनी आपली फजिती तिथेही सांगितली होती.

"या वेळी बायकोला घेऊन आलोय," आतोबा म्हणाले.

आत्या पुढे झाली. तिनं काही झाकलं नाही. मला एक खोली हवी आहे. तिथे मी काम करणार. हौस नाही, काम. पैसे घेऊन. लोक येतील. आता तुमच्या गावात त्या खोलीचं काय होतं ते सांगा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती माणसं कामाला?"

"मी."

"मोटर, यंत्र?"

"करवत. हाताची."

"रस्त्यावर दार उघडतं?"

"तुम्ही म्हणाल तिथे उघडेन."

"नको, जिन्यातच बरं," बाई हसल्या. "हे बघा. स्वतः राहत्या घरात, स्वतःच्या हातानं, पगारी माणूस न ठेवता काम केलं तर आमच्याकडे ते घरच धरतात. कामाला कामच म्हणतात, पण दर घराचा. फक्त एक. बाहेर पाटी लावायची नाही. पाटी लागली की दुकान."

पाटी. जिन्याखालची पाटी आत्यानं स्वतः रंगवली होती, स्वतः चौकट केली होती, दर काही वर्षांनी स्वतः पुन्हा रंगवली होती. मी तिच्याकडे बघितलं. आतोबांनीही बघितलं. बाहेर नदीवरून येणारा वारा खिडकीची एक फळी उगाच उघडमिट करत होता.

"पाटीवर नाव लिहायचं नाही," आत्यानं सावकाश विचारलं, "की काहीच लिहायचं नाही?"

"काहीच नाही."

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी काय करते ते मला पाटीशिवायही वाचता येतं. लोकांना येईलच."

बाहेर आल्यावर आतोबा पायरीवर बसले आणि त्यांनी तक्त्यात शेवटचा हिशेब मांडला. खोटं बोललं तर टेकडी स्वस्त. खरं बोललं तर टेकडी सगळ्यांत महाग, नदीपलीकडचं या दोन आकड्यांच्या मध्ये. "म्हणजे," ते म्हणाले, "तीन शहरांचे दर तोलायला निघालो होतो. मधल्या मध्ये तुझा दर कळला."

"महाग आहे ना?" आत्यानं विचारलं.

"परवडेल," आतोबा म्हणाले.

नदीपलीकडचं घर मिळायला वेळ लागला. पहिल्या घरात उजेड पश्चिमेचा होता, दुसऱ्याच्या भिंती इतक्या तिरक्या की आत्यानं गुण्या बाहेरही काढला नाही. तिसरं सापडलं ते जुन्या, जाड भिंतींच्या इमारतीत. एक कोपरा किंचित गुण्याबाहेर होता. आत्यानं त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "असू दे. इथे पट्ट्या उभ्या करू, कुणाला दिसणार नाही." टेबल दारातून जाईना, म्हणून खिडकीतून आत घेतलं. चार माणसांनी उचललेलं ते लांब, कापाकापांचं लाकूड दोरांवर हवेत लोंबकळत होतं तेव्हा आत्या खाली रस्त्यात उभी होती आणि वरून आतोबा ओरडत होते, "हळू! हळू! हौस नाही ती!"

दाराबाहेर पाटी लावली नाही. फक्त एक चौकट लावली. रिकामी. अक्रोडाच्या रंगाची, साधी, चारी कोपरे मिटलेले. आत काच नाही, कागद नाही. तिच्यातून जिन्यातली भिंत दिसे, पोपडे धरलेली, आणि चौकटीत असल्यामुळे ती भिंत कुणीतरी मुद्दाम निवडल्यासारखी वाटे. जिना चढणारे तिथे थांबत. पहिल्या महिन्यात दोन जणांनी दार वाजवून विचारलं, "इथे चौकटी करतात का?"

निरीक्षक बाई घर मोजायला आल्या तेव्हा मीही होतो. त्यांच्या हातात लाल ठिपका टाकणारं मोजायंत्र होतं. ठिपका भिंतीवर पडला की आत्या मागोमाग आपली टेप लावी.

"विश्वास नाही?" बाईंनी विचारलं.

"आहे. सवय आहे."

कामाच्या खोलीत आतोबा ॲप्रन घालून काच धरून उभे होते. बाईंची नजर त्यांच्यावर थांबली. आत्याची टेप अर्ध्यावर थांबली. पगारी माणूस ठेवला की दुकान.

"हे कोण?"

"नवरा," आत्या म्हणाली.

"ते मला माहीत आहे. इथे कोण?"

"इथेही नवराच."

"पगार?"

"अर्ज केलाय," आतोबा काचेमागून म्हणाले. "वरून उत्तर आलेलं नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, खुणांवरून, सावकाश. मग विचारलं, "या खोलीत काय करता म्हणून लिहू?"

"काम," आत्या म्हणाली.

त्यांनी तसं लिहिलं. लिहिताना मी पाहिलं. मग त्या बाहेर गेल्या आणि दाराजवळ थांबल्या. रिकाम्या चौकटीसमोर.

"ही पाटी नाही ना?"

"एक अक्षर दाखवा."

बाईंनी जवळ जाऊन पाहिलं, मागे येऊन पाहिलं. अक्षर नव्हतं. तरी त्यांनी बराच वेळ वाचल्यासारखं केलं. "कोपरे छान मिटलेत," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

पहिलं बिल आलं त्या दिवशी आतोबांनी ते मोठ्यानं वाचलं. दर. आकार. शेपट्या. टेकडीच्या खोट्या हिशेबापेक्षा किती जास्त ते सवयीनं पुटपुटले. मग खालची ओळ आली आणि त्यांचा आवाज बदलला: वापर, निवासी, एका खोलीत मालकाचं स्वतःचं काम. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग बिल दोन्ही हातांत आडवं धरून कामाच्या खोलीत गेले आणि टेबलापलीकडे, जिथे गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभे राहिले.

आत्यानं बिलाकडे पाहिलं नाही. त्यांच्याकडे पाहिलं.

"आतून," ते तिनं विचारायच्या आधीच म्हणाले.

"आधी बिल भरून या," आत्या म्हणाली आणि करवत उचलली.